बोचकी कमी, भटकंती जास्त!

सुट्टीत गावाला जायचं ठरलं की घरात काय गडबड उडते, ते तुम्हाला सांगायला नकोच. पलंगावर कपड्यांचे ढीग पडतात. बाबा "जास्त काही घेऊ नका" असं म्हणत म्हणत स्वतःचेच दोन जास्तीचे शर्ट पुढे करतात. आजी लोणच्याची बरणी काढून ठेवते. धाकट्याला बॅट सोडवत नाही. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, "असू दे, लागलं तर?"

हे 'लागलं तर' मोठं लबाड आहे बरं का! त्याच्यामुळेच दोन पिशव्यांच्या पाच पिशव्या होतात. मग एस.टी. आली की अर्धी मंडळी सामान चढवण्यात गुंततात आणि जागा दुसरेच पकडतात. मुक्कामी पोचल्यावर टूथब्रश सापडत नाही, आणि सगळे एका सुरात विचारतात, "आई, माझा टॉवेल कुठाय?" म्हणजे सहल सगळ्यांची आणि आईला मात्र सुट्टी नाहीच!

आज आपण या लबाडाला घरी ठेवून फिरायला जाऊ या. कुठे? जालना जिल्ह्यात. तीन दिवस, एस.टी.नं. अट एकच. प्रत्येकाची पाठीवर एक सॅक आणि सगळ्यांची मिळून एक कापडी पिशवी. बस्स!

जालनाच का?

तुम्ही म्हणाल, जालन्यात ना समुद्र, ना थंड हवेचं ठिकाण. खरं आहे. पण जालन्यात पाहण्यासारखं जे आहे ते एका जागी नाही. एक गाव दक्षिणेला, तर दुसरं उत्तरेला. गाडी बदलावी लागते, पायऱ्या चढाव्या लागतात, थोडं चालावं लागतं. म्हणून कमी सामानात फिरायचं कसं, हे शिकायला हा जिल्हा छान आहे.

नकाशा काढा पाहू. मनमाडहून नांदेडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, छत्रपती संभाजीनगरच्या पुढे सुमारे ६० किलोमीटरवर जालना दिसेल. १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतले तालुके घेऊन हा जिल्हा झाला. आज त्यात आठ तालुके आहेत : जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा. जालना शहर कुंडलिका नदीच्या काठी वसलंय. ही पूर्वीपासूनची मोठी बाजारपेठ. म्हणून जुनी माणसं अजून म्हणतात, "जालना, सोने का पालना!" आज हे शहर लोखंडी सळयांसाठी आणि बियाण्यांसाठी ओळखलं जातं. तुमच्या गल्लीत नवी इमारत उठत असेल तर तिच्या खांबांमधली सळई जालन्याची असू शकेल. आणि तुमच्या मामाच्या शेतातलं कपाशीचं बी सुद्धा!

आधी वजन करा

निघण्यापूर्वी एक गंमत करा. भरलेली सॅक पाठीवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा. मग सॅक काढून पुन्हा उभे राहा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे सॅकचं वजन. शाळेच्या दप्तरासाठी २०२० च्या राष्ट्रीय धोरणात एक मर्यादा घालून दिली आहे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं. म्हणजे तुमचं वजन ३० किलो असेल तर दप्तर ३ किलोच्या आत. तोच नियम आपण सहलीच्या सॅकला लावू. पाण्याची भरलेली बाटली त्यातच धरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे विज्ञानाच्या तासाला शिकलायत ना? मग बाकीच्या सामानाला उरले दोनच किलो.

दोन किलोत काय बसणार, असं वाटतं? बसतं! तीन दिवसांसाठी अंगावर एक जोड आणि सॅकमध्ये दोन. आतले कपडे मात्र तीन. एक पातळ पंचा, कारण जाड टॉवेल जागाही खातो आणि लवकर वाळतही नाही. टोपी किंवा रुमाल. ब्रश, कंगवा. एक छोटी वही आणि पेन. थंडीचे दिवस असतील तर एक स्वेटर, पण तो अंगात घालून निघायचं, म्हणजे सॅकमध्ये जागा लागत नाही. पायात चालायला सोयीचे बूट किंवा सॅंडल. दुसरी चप्पल नाही.

कपड्यांच्या घड्या घालण्यापेक्षा घट्ट गुंडाळ्या करा. एका दिवसाचा जोड एकाच गुंडाळीत. म्हणजे सकाळी एक गुंडाळी काढली की काम झालं. सगळी सॅक उपसायला नको.

आणखी एक युक्ती जालन्याची हवाच आपल्याला शिकवते. पावसाळा सोडला तर इथली हवा कोरडी असते. मुंबईत दोन दिवस दोरीवर दमट राहणारा शर्ट इथे रात्री पिळून टाकला तर बहुधा सकाळी वाळलेला मिळतो. म्हणून जास्तीचे कपडे न्यायचं काहीच कारण नाही. पण थांबा! उन्हाळ्यात मराठवाड्याच्या गावांत पाण्याची ओढ असते. २०१२-१३ च्या दुष्काळात तर जालना जिल्ह्याचे फार हाल झाले होते. ज्या घरी टँकरचं पाणी भरून ठेवलेलं असतं, तिथे पाहुण्यांनी बादलीभर कपडे धुवायला काढणं बरं दिसत नाही. म्हणून उन्हाळ्यात निघालात तर एक जोड वाढवा आणि धुणं घरी परत आल्यावर करा. सामान ठरवताना नुसता आपला विचार करून चालत नाही, जिथे जायचं तिथल्या माणसांचाही करावा लागतो.

अंबड आणि जांब

पहिल्या दिवशी जालन्याहून दक्षिणेला अंबड. साधारण पाऊण-एक तासाचा रस्ता. इथल्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचं मंदिर आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवी मत्स्योदरी! वर जायला पायऱ्या आहेत. सॅक पाठीवर असली की दोन्ही हात मोकळे राहतात. आजीचा हात धरता येतो, धाकट्याला सांभाळता येतं. तुमच्या शेजारून एखादं कुटुंब दोन्ही हातांत बॅगा घेऊन धापा टाकत चढताना दिसलं तर हसू नका हं. त्यांची एखादी पिशवी धरा. तुमचे हात मोकळे आहेत ना!

अंबडहून पुढे घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर मध्ये गाडी बदलायची. १६०८ साली रामनवमीच्या दिवशी इथे नारायण सूर्याजी ठोसर नावाचा मुलगा जन्माला आला. हेच पुढे समर्थ रामदास स्वामी झाले. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावर 'सावधान' शब्द ऐकताच नारायण निघून गेला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तो पायी नाशिकला पोचला. तिथे टाकळीला त्यांनी बारा वर्षं साधना केली आणि पुढे बारा वर्षं देशभर पायी प्रवास केला, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं आहे. आता तुम्ही असं घरातून निघून जायचं नाही, समजलं ना? पण त्यांचं चित्र डोळ्यांसमोर आणा. काखेत झोळी, हातात कुबडी. एवढ्या सामानात त्यांनी उभा देश पाहिला. पुढे जागोजाग मारुतीची मंदिरं उभारली आणि मोठमोठे ग्रंथ रचले.

झोळीत मावेल तेवढंच घ्यायचं म्हटलं की काय हवं ते आधीच ठरवावं लागतं. आपणही तेच करायचं. 'काय काय होईल?' असं विचारण्याऐवजी 'आपण तिथे काय करणार आहोत?' असं विचारायचं. आपण चालणार, पायऱ्या चढणार, पाहणार, जेवणार आणि झोपणार. या पाच कामांना जे लागतं ते घ्यायचं. बाकीचं घरी.

जांबच्या मंदिरात अलीकडे एक वाईट घटना घडली. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. सगळं गाव हळहळलं. पुढे पोलिसांनी तपास करून त्या शोधून काढल्या. छोटी आणि मोलाची वस्तू हरवायला वेळ लागत नाही. म्हणून प्रवासात दागिने, महागडी घड्याळं नकोतच. पैसे मोठ्यांनी दोन जागी विभागून ठेवावेत. आणि गाडीतून उतरताना सगळ्यांनी सामान मोजावं. चार माणसं, चार सॅक आणि एक पिशवी, म्हणजे पाच नग. पाचपर्यंत मोजायला कितीसा वेळ लागतो?

त्या एका पिशवीत काय?

आता सगळ्यांची मिळून जी कापडी पिशवी आहे तिच्याकडे वळू. तिच्यात तीन पुडकी ठेवायची.

पहिलं पुडकं खाण्याचं. दुधात मळलेल्या दशम्या किंवा मराठवाड्यातले धपाटे, सोबत शेंगदाण्याची चटणी. हे पदार्थ दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात आणि रस्सा सांडायची भीती नाही. लोणचं हवंच असेल तर आजीला सांगा, बरणी नको, छोट्या डबीत दे!

दुसरं पुडकं औषधांचं. आजोबांच्या रोजच्या गोळ्या, तापाची गोळी, मलमपट्टी, क्षारसंजीवनीची दोन पाकिटं. रोजच्या गोळ्या मोजून घ्या आणि एक दिवसाच्या जास्त घ्या. 'लागलं तर?' हा प्रश्न फक्त इथे विचारायला परवानगी आहे! कारण कपडा नसला तर कालचा घालून भागतं, पण गोळी नसली तर भागत नाही.

तिसरं पुडकं कागदांचं. ओळखपत्रं, तिकिटं, एका कागदावर लिहिलेले घरच्यांचे फोन नंबर. आजी-आजोबांना एस.टी.त सवलत मिळते ती ओळखपत्र दाखवल्यावर. ते पिशवीच्या तळाशी गेलं तर कंडक्टर किती वेळ थांबणार? म्हणून हे पाकीट सगळ्यात वर. आणि हो, मोबाइल चार असले तरी चार्जर एकच पुरतो. पाळीपाळीनं लावा. मोबाइल बंद पडला तर? म्हणूनच नंबर कागदावर लिहिलेत!

राजूर आणि भोकरदन

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे जाऊ. भोकरदन तालुक्यातलं राजूर हे गणपतीचं गाव. अंगारकी चतुर्थीला इथे प्रचंड गर्दी होते. कितीतरी लोक जालन्याहून रात्री निघून पायी राजूरला येतात. त्यांच्याकडे पाहा. खांद्याला एखादी पिशवी, हातात पाण्याची बाटली. पायी चालणारा माणूस सामानाच्या बाबतीत कधी चुकत नाही, कारण प्रत्येक जास्तीच्या वस्तूचा हिशोब त्याचे खांदेच मागतात.

तिथून पुढे केळणा नदीकाठचं भोकरदन. आज हे साधं तालुक्याचं गाव दिसतं, पण त्याचं वय विचारू नका! दोन हजार वर्षांपूर्वी याचं नाव होतं भोगवर्धन. उज्जैन आणि पैठण यांना जोडणाऱ्या वाटेवरचं हे भरभराटीचं नगर होतं. मध्य प्रदेशातल्या सांची आणि भारहूतच्या स्तूपांसाठी दान देणाऱ्यांची नावं तिथल्या दगडांवर कोरली आहेत. त्यांत भोगवर्धनचे लोकही आहेत! मोटार नाही, आगगाडी नाही, तरी इथली माणसं एवढ्या दूर जात होती.

याहून नवल ऐका. १९३८ साली इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती सापडली. उंची जेमतेम २५ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या पट्टीपेक्षाही कमी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पाँपेई राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे त्यापूर्वीच ही मूर्ती तिथे पोचली होती. पुढे १९७० च्या दशकात भोकरदनला उत्खनन झालं. तिथे हस्तिदंताच्या एका मूर्तीचा तुकडा मिळाला, आणि तो पाँपेईच्या मूर्तीशी फार मिळताजुळता निघाला. तशीच मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथेही सापडली आहे. म्हणून पाँपेईची मूर्ती याच भागात घडवलेली असावी, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

विचार करा, ही नाजूक मूर्ती इथून गेली असेल तर कशी गेली असेल? पैठण-तेरकडचा माल गाड्यांवर लादून गुजरातेतल्या भडोच बंदरात नेत, असं त्या काळच्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात लिहिलं आहे. पैठण ते भडोच हा वीस दिवसांचा प्रवास! मग समुद्र, मग पुन्हा जमीन. एवढ्या धक्क्यांत हस्तिदंत टिकलं, म्हणजे बांधणाऱ्यानं ते किती निगुतीनं बांधलं असेल! आपणही नाजूक वस्तू अशाच ठेवू. चष्मा त्याच्या डबीत, डबी कपड्यांच्या मधोमध. जड वस्तू पाठीला लागून, हलक्या बाहेरच्या बाजूला. आणि प्रत्येक वस्तूचं सॅकमध्ये एक ठरलेलं घर. ब्रश डाव्या कप्प्यात म्हणजे डाव्याच कप्प्यात. मग दिवे गेले तरी अंधारात हात बरोबर तिथेच जातो.

जे हौसेनं निघत नाहीत

तिसऱ्या दिवशी परतीची वाट. दिवाळीच्या आसपास गेलात तर रस्त्यावर तुम्हाला ट्रॅक्टर आणि ट्रक दिसतील, माणसांनी आणि सामानानं भरलेले. हे ऊसतोड कामगार. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतली कितीतरी कुटुंबं दरवर्षी पाच-सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती कामातून फेडायची असते. फडाजवळ कोपी बांधून राहायचं आणि पहाटेच उसाला भिडायचं.

त्यांचं सामान जरा नीट पाहा. ज्वारी-बाजरीची पोती, पातेली, तवा, पाण्याची घागर, गोधड्या, कोपीसाठी ताडपत्री, कोयते. कधी एखादी शेळी, चार कोंबड्या. सहा महिन्यांचा संसार, आणि त्यात फालतू वस्तू एकही नाही. कारण तिथे जागा नसते आणि पैसाही नसतो. आपण सामान कमी घेतो ते फिरणं सोपं व्हावं म्हणून. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नसतो. हा फरक विसरायचा नाही.

त्या गाडीवर तुमच्या वयाची मुलंही बसलेली असतात. आई-वडील निघाले की शाळा मध्येच सुटते. धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठ्या बहिणीला सोबत जावंच लागतं. अशा मुलांसाठी काही सोयी झाल्या आहेत. गावातच राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली, कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आधीच्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून कोणतीही सरकारी शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांना राज्यात शिक्षण हमी कार्डही देतात. ते दाखवलं की नव्या गावच्या शाळेत बसता येतं. तरीही दरवर्षी अनेकांची शाळा बुडतेच.

म्हणून त्या बोचक्यांमध्ये एखादं दप्तर दिसलं तर त्याची किंमत ओळखा. गाडीवर इंच इंच जागेचा हिशोब असताना कुणीतरी पुस्तकांना जागा दिलेली असते. तुमच्या वर्गात हंगामाच्या मध्येच असा एखादा नवा मुलगा किंवा मुलगी आली तर तुमच्या बाकावर जागा द्या. बुडालेला अभ्यास दाखवा. हे तर तुम्ही नक्कीच करू शकता.

आई-बाबांसाठी चार ओळी

मुलांची सॅक मुलांनाच भरू द्या. सहा-सात वर्षांचं मूलसुद्धा यादी पाहून कपडे काढू शकतं. एखादी वस्तू राहील, राहू द्या! पुढच्या वेळी ते मूल स्वतःच ती यादीत पहिली लिहील. सगळ्यांच्या सगळ्या वस्तूंचा हिशोब एकट्या आईच्या डोक्यात नसला, तर तिलाही मत्स्योदरीच्या टेकडीवर निवांत बसून वारा खाता येईल.

परत आल्यावर

तीन दिवसांत खाण्याचं पुडकं संपलेलं असेल, पिशवीत जागा झाली असेल. ती वाया घालवू नका! हंगाम असेल तर जालन्याची मोसंबी घ्या. तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे या मातीतली खास मोसंबी म्हणून तिची अधिकृत ओळख आहे.

घरी आल्यावर शेवटचं काम. वहीत दोन रकाने आखा. एकात 'वापरलं', दुसऱ्यात 'वापरलंच नाही'. सॅक रिकामी करताना प्रत्येक वस्तू योग्य रकान्यात लिहा. दुसऱ्या रकान्यात जे जे आलं ते पुढच्या सहलीला घरी राहणार. ही वही जपून ठेवा. दोन-तीन सहलींनंतर तुमच्या घराची पक्की यादी तयार होईल, अगदी तुमच्या माणसांच्या मापाची.

मग, कधी निघताय? सॅकचं वजन करायला विसरू नका. आणि 'लागलं तर?' असं कुणी म्हणालंच, तर त्यालाच विचारा, "उचलणार कोण?"